कायद्याचा पंडित आणि रेणूंचा हिशेब : आमेदेओ ॲव्होगॅड्रो

उत्तर इटलीतील तुरीन हे शहर आपणा कॅथॉलिकांना दोन कारणांनी परिचित आहे. प्रभू येशूचे कफन म्हणून भाविक ज्या वस्त्राला वंदन करतात ते वस्त्र १५७८ पासून याच शहरात जतन केलेले आहे आणि गरीब मुलांचे पिता संत डॉन बॉस्को यांनी १८४१ मध्ये आपले कार्य याच शहरात आरंभिले. त्या काळात याच शहराच्या विद्यापीठात एक वृद्धत्वाकडे झुकलेले प्राध्यापक भौतिकशास्त्र शिकवीत होते. त्यांनी तीस वर्षांपूर्वी मांडलेला एक विचार जगाने बाजूस सारला होता. आज मात्र अकरावी-बारावीला विज्ञान घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांचे नाव पाठ असते. ते नाव आमेदेओ ॲव्होगॅड्रो.

आपल्या घरातील मुलांच्या तोंडी 'मोल' आणि 'ॲव्होगॅड्रोचा अंक' हे शब्द आपण ऐकतो. परीक्षेपुरता तो अंक पाठ होतो आणि परीक्षेनंतर विस्मरणात जातो. त्या अंकामागील माणूस कोण होता आणि त्याने नेमके काय सांगितले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हा जीवनपट आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कायद्याच्या घराण्यातील मुलगा

९ ऑगस्ट १७७६ रोजी तुरीन येथे आमेदेओ यांचा जन्म झाला. वडील फिलिप्पो ॲव्होगॅड्रो हे सरदार घराण्यातील नामवंत कायदेपंडित होते. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वकिली चालत आलेली होती. ॲव्होगॅड्रो हे आडनावच मुळी वकील या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले असावे असे मानले जाते. घराण्याच्या रिवाजाप्रमाणे आमेदेओ यांनीही कायद्याचे शिक्षण घेतले आणि १७९६ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, कॅनन लॉ म्हणजेच ख्रिस्तसभेच्या कायद्यात डॉक्टरेट मिळविली. पुढे काही वर्षे त्यांनी वकिली केली आणि शासकीय चाकरीही केली.

तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. नेपोलियनच्या फौजा इटलीत उतरल्या होत्या आणि १८०२ मध्ये तुरीनचा पिडमाँट प्रांत फ्रान्सला जोडला गेला. विज्ञानाच्या क्षेत्रातही नवे वारे वाहत होते. १८०० मध्ये इटलीच्याच अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी विजेचा अखंड प्रवाह देणाऱ्या बॅटरीचा शोध जगापुढे ठेवला. याच सुमारास तरुण ॲव्होगॅड्रो यांचे मन कायद्याच्या ग्रंथांतून गणित आणि भौतिकशास्त्राकडे वळले. त्यांनी हे विषय स्वतःच्या बळावर अभ्यासिले. १८०३ मध्ये बंधू फेलिचे यांच्यासमवेत त्यांनी विजेवरील आपले संशोधन तुरीनच्या विज्ञान अकादमीला सादर केले. पुढे ते अध्यापनाकडे वळले आणि १८०९ मध्ये व्हेर्चेल्ली या गावातील महाविद्यालयात प्राध्यापक झाले. मोठ्या प्रयोगशाळांपासून दूर असलेल्या या लहान गावात राहूनच त्यांनी आपला तो विचार मांडला.

एक कोडे

त्या वेळी रसायनशास्त्रज्ञांपुढे एक कोडे उभे होते. इंग्लंडच्या जॉन डाल्टन यांनी नुकतेच प्रतिपादन केले होते की, प्रत्येक मूलद्रव्य अतिसूक्ष्म अणूंचे बनलेले असते आणि अणूचे तुकडे होत नाहीत. इकडे फ्रान्सच्या गे-ल्यूसॅक यांनी १८०८ मध्ये वायूंची मापे घेऊन दाखविले की, वायू परस्परांशी साध्या पूर्णांकी प्रमाणात संयोग पावतात. दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन यांचा संयोग झाला की पाण्याची दोन लिटर वाफ तयार होते. अर्थात, ही सर्व मापे एकाच तापमानाला आणि एकाच दाबाला घ्यावयाची.

आता अडचण पाहा. एक लिटर ऑक्सिजनपासून दोन लिटर वाफ होते आणि वाफेच्या प्रत्येक कणात ऑक्सिजन असतोच. मग समान आकारमानात कणांची संख्या समान असेल, तर ऑक्सिजनच्या प्रत्येक कणाचे दोन भाग झाले असले पाहिजेत. परंतु अणूचे तर तुकडे होत नाहीत! डाल्टन यांनी आपला अणू वाचविण्यासाठी गे-ल्यूसॅक यांची मापेच अमान्य केली.

ॲव्होगॅड्रो यांनी मात्र दोघांनाही खरे मानून विचार केला. जुलै १८११ मध्ये त्यांचा निबंध पॅरिसच्या एका विज्ञानपत्रिकेत फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की, तापमान आणि दाब समान असतील तर कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. दुसरी अशी की, ऑक्सिजन किंवा हायड्रोजन वायूचा मुक्त कण हा एकटा अणू नसून एकत्र जोडलेल्या अणूंचा रेणू असतो. पाणी तयार होताना ऑक्सिजनचा रेणू दुभंगतो. अणू दुभंगत नाही. अशा रीतीने डाल्टन यांचा अणूही अबाधित राहिला आणि गे-ल्यूसॅक यांची मापेही खरी ठरली. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो, हे आज शाळकरी मुलाला ठाऊक असलेले सूत्र याच विचारातून निघते. डाल्टन मात्र पाण्यात दोहोंचा एकेकच अणू धरीत होते.

न मोजता केलेली तुलना

या विचाराचे सामर्थ्य समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. आपल्यापुढे तोंड बांधलेल्या दोन पिशव्या आहेत. एकीत एका प्रकारची नाणी, दुसरीत दुसऱ्या प्रकारची. आत किती नाणी आहेत हे कोणालाच ठाऊक नाही; परंतु दोहोंतील संख्या समान आहे, एवढी खात्री आहे. पिशव्या तराजूत घातल्या आणि दुसरी पिशवी पहिलीच्या दुप्पट भरली, तर दुसऱ्या प्रकारचे एक नाणे पहिल्या प्रकारच्या एका नाण्याच्या दुप्पट जड आहे, हे पिशवी न सोडताच सिद्ध होते.

ॲव्होगॅड्रो यांनी वायूंच्या बाबतीत हेच सांगितले. एक लिटर ऑक्सिजन एक लिटर हायड्रोजनपेक्षा सुमारे सोळा पट जड भरतो. म्हणून ऑक्सिजनचा एक रेणू हायड्रोजनच्या एका रेणूपेक्षा सुमारे सोळा पट जड असला पाहिजे. जो कण कोणीही पाहिला नव्हता, त्याचे तौलनिक वजन साध्या तराजूने काढण्याची वाट अशी मोकळी झाली. लिटरभर वायूत किती रेणू असतात हे स्वतः ॲव्होगॅड्रो यांना ठाऊक नव्हते. आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा अंक त्यांनी कधीच काढला नाही. संख्या समान आहे, एवढेच त्यांनी ओळखले आणि तेवढे पुरेसे होते.

हाच विचार पुढे 'मोल' या एककात उतरला. डझन म्हटले की बारा, तसे एक मोल म्हटले की ठरावीक संख्येइतके कण. हायड्रोजन वायूचा एक मोल म्हणजे सुमारे २ ग्रॅम, ऑक्सिजन वायूचा ३२ ग्रॅम, पाण्याचा १८ ग्रॅम. वजने भिन्न, परंतु रेणूंची संख्या एकच. शून्य अंश सेल्सिअस तापमानाला आणि वातावरणाच्या सर्वसाधारण दाबाला कोणत्याही वायूचा एक मोल सुमारे २२.४ लिटर जागा व्यापतो.

बर्फ, पाणी आणि वाफ

हा नियम वायूंनाच का लागू पडतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. पाण्याचा एक मोल म्हणजे १८ ग्रॅम, चहाचे साडेतीन-चार चमचे. अल्कोहोलचा एक मोल म्हणजे ४६ ग्रॅम. द्रवरूपात पाण्याचा मोल सुमारे १८ मिलिलिटर, तर अल्कोहोलचा सुमारे ५८ मिलिलिटर जागा व्यापतो. द्रवात रेणू एकमेकांना खेटून असतात. म्हणून ज्याचा रेणू मोठा, त्याला जागा अधिक लागते. परंतु दोहोंची वाफ करून त्यांना समान तापमानाला आणि समान दाबाला ठेवले, तर दोहोंचे आकारमान जवळजवळ सारखे भरते. वाफेत रेणू इतके दूर दूर गेलेले असतात की त्यांच्या स्वतःच्या आकाराला महत्त्वच उरत नाही. साडेतीन-चार चमचे पाण्याची शंभर अंशांना वाफ झाली की ती सुमारे ३० लिटर जागा व्यापते. तिच्यात रेणू तितकेच, वजनही तेवढेच. वाढते ते केवळ त्यांच्यामधील अंतर.

रेणूंना असे दूर नेण्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते. शून्य अंशाच्या १८ ग्रॅम बर्फाचे पाणी करण्यास सुमारे ६ किलोज्यूल ऊर्जा लागते. ते पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे साडेसात किलोज्यूल. मात्र शंभर अंशांच्या त्या पाण्याची शंभर अंशांचीच वाफ करण्यास सुमारे ४१ किलोज्यूल! या वेळी तापमापकातील पारा जागचा हलत नाही. सारी उष्णता रेणूंमधील आकर्षण तोडण्यात खर्ची पडते. तिलाच अप्रकट उष्मा म्हणतात. इडलीच्या भांड्याचे झाकण उघडताना हाताला लागलेली वाफ उकळत्या पाण्यापेक्षा अधिक भाजते, त्याचे कारण हेच. हातावर तिचे पाणी होताना ती ही साठवलेली ऊर्जा परत देते.

तरीही बर्फ असो, पाणी असो वा वाफ असो, रेणू तोच राहतो. तो दुभंगतो तो रासायनिक क्रियेत आणि तेथील ऊर्जेचा हिशेब याहून मोठा असतो. २ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांच्या संयोगातून १८ ग्रॅम पाणी तयार होताना सुमारे २८६ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. अवस्था बदलणे म्हणजे रेणूंनी एकमेकांपासून दूर जाणे किंवा जवळ येणे; रासायनिक क्रिया म्हणजे रेणूंतील अणूंनी जोडीदार बदलणे. हा भेद स्पष्ट होण्यासाठी अणू आणि रेणू हे दोन वेगळे मानणे आवश्यक होते आणि तेच ॲव्होगॅड्रो यांनी केले.

उष्णतेविषयी मात्र त्यांचे मत त्यांच्या काळाचेच होते. उष्णता म्हणजे रेणूंभोवती असलेला एक सूक्ष्म द्रव, असे त्या काळच्या अनेक विद्वानांप्रमाणे तेही मानीत. उष्णता ही रेणूंच्या हालचालीची ऊर्जा आहे हे पुढे सिद्ध झाले आणि तो द्रव विज्ञानातून नाहीसा झाला. ॲव्होगॅड्रो यांचा समान संख्येचा नियम मात्र त्यानंतरही टिकला.

उपेक्षेची वर्षे

१८११ च्या त्या निबंधाचे पुढे काय झाले? जवळजवळ काहीच झाले नाही. १८१४ मध्ये फ्रान्सचे ॲम्पियर यांनीही तशाच आशयाचा विचार मांडला, तोही फारसा कोणी मनावर घेतला नाही. त्या काळी रसायनशास्त्रात स्वीडनच्या बर्झेलियस यांचा शब्द प्रमाण मानला जाई. त्यांच्या मते अणू एकमेकांस जोडले जातात ते विरुद्ध विद्युतभारांमुळे. मग एकाच प्रकारचे दोन अणू एकत्र येतीलच कसे? पुढे फ्रान्सच्या द्यूमा यांनी पारा, फॉस्फरस आणि गंधक यांच्या वाफा तोलल्या, तेव्हा आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत आणि संशय अधिकच वाढला. पाऱ्याच्या वाफेत अणू एकेकटे असतात, फॉस्फरसच्या रेणूत चार असतात आणि गंधकाच्या रेणूत त्याहूनही अधिक असू शकतात, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

सारा दोष इतरांचाच होता असेही म्हणता येत नाही. ॲव्होगॅड्रो यांचे लेखन क्लिष्ट होते आणि वेगवेगळ्या प्रकारच्या कणांसाठी त्यांनी वापरलेले शब्द वाचकाला गोंधळात टाकणारे होते. आपल्या नियमाच्या समर्थनार्थ स्वतःच्या नव्या प्रयोगांची भक्कम साक्ष त्यांनी जोडली नव्हती. शिवाय वायूंना लागू पडणारा विचार त्यांनी अंदाजाने धातूंपर्यंत नेला. त्यामुळे खरा भाग आणि अंदाजाचा भाग एकमेकांत मिसळून गेले.

त्यांच्या नोकरीच्या वाटेतही खाचखळगे होते. १८२० मध्ये तुरीन विद्यापीठात त्यांना गणिती भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. १८२१ मध्ये पिडमाँटमध्ये राजसत्तेविरुद्ध उठाव झाला, तो मोडून काढण्यात आला आणि १८२२ मध्ये ॲव्होगॅड्रो यांचे पदच रद्द झाले. त्या उठावाशी त्यांचा संबंध किती होता याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पद गेल्यावर ते पुन्हा कायद्याच्या आणि शासकीय हिशेबतपासणीच्या कामाकडे वळले; अभ्यास मात्र त्यांनी सोडला नाही. १८३२ मध्ये ते पद पुन्हा निर्माण झाले, तेव्हा ते फ्रान्समधून आलेले थोर गणिती आणि निष्ठावंत कॅथॉलिक कोशी यांना देण्यात आले. कोशी निघून गेल्यावर १८३४ मध्ये ते ॲव्होगॅड्रो यांच्याकडे परत आले आणि १८५० पर्यंत त्यांनी ते सांभाळले.

या काळात त्यांनी पाऱ्याच्या वाफेचा दाब निरनिराळ्या तापमानांना मोजला, विविध पदार्थांच्या विशिष्ट उष्म्याचा अभ्यास केला आणि १८३७ ते १८४१ या वर्षांत पदार्थांच्या भौतिक गुणधर्मांवरील चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. पिडमाँटमध्ये दशमान मापे आणण्याच्या कामातही त्यांचा सहभाग होता. पत्नी फेलिचिता आणि सहा मुले असा त्यांचा भरलेला संसार होता. ९ जुलै १८५६ रोजी, ऐंशीव्या वाढदिवसाला एक महिना उरला असताना, तुरीन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा १८११ चा निबंध तोवर रसायनशास्त्रात सर्वमान्य झालेला नव्हता.

कार्ल्सरुहेची परिषद

हा नियम नाकारल्याची किंमत रसायनशास्त्राला मोजावी लागली. कोणी पाण्याचे सूत्र एका प्रकारे लिही, कोणी दुसऱ्या प्रकारे. कार्बनच्या अणूचे वजन कोणी ६ धरी, कोणी १२. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लासाठी सुचविलेली तब्बल एकोणीस वेगवेगळी सूत्रे जर्मनीच्या केकुले यांनी आपल्या ग्रंथात नोंदविली आहेत. एकाच पदार्थाविषयी बोलणारे विद्वान एकमेकांची भाषा समजू शकत नव्हते.

या गोंधळातून वाट काढण्यासाठी ३ ते ५ सप्टेंबर १८६० या दिवसांत जर्मनीतील कार्ल्सरुहे येथे युरोपातील सव्वाशेच्या आसपास रसायनशास्त्रज्ञ जमले. इटलीहून स्तानिस्लाव कानिझ्झारो आले होते. आपल्या या देशबांधवाचा विस्मृतीत गेलेला नियम स्वीकारला तर अणूंची सर्व वजने कशी सुसंगत होतात, हे त्यांनी १८५८ मध्ये एका पुस्तिकेत उलगडून दाखविले होते. परिषदेतही त्यांनी तीच बाजू जोरकसपणे मांडली. तीन दिवसांच्या चर्चेत निर्णय काही झाला नाही. परंतु निरोपाच्या वेळी त्यांचे मित्र आन्जेलो पावेसी यांनी त्या पुस्तिकेच्या प्रती उपस्थितांच्या हाती दिल्या. जर्मनीचे लोथार मायर यांनी ती वाचली आणि त्यांच्या शंका मावळल्या. परिषदेस आलेले रशियाचे तरुण मेंडेलीव्ह हेही कानिझ्झारो यांच्या विचाराने प्रभावित झाले. अणूंची खरी वजने हाती आल्यामुळेच १८६९ मध्ये मेंडेलीव्ह आपली प्रसिद्ध आवर्तसारणी मांडू शकले. निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर एकोणपन्नास वर्षांनी आणि लेखकाच्या निधनानंतर चार वर्षांनी ॲव्होगॅड्रो यांचे म्हणणे अशा प्रकारे जगाच्या कानी पडले.

संख्या मोजण्याचे कामही पुढील पिढ्यांनी केले. १८६५ मध्ये ऑस्ट्रियाचे लोश्मिट यांनी हवेतील रेणूंच्या आकाराचा पहिला विश्वसनीय अंदाज बांधला आणि त्यावरून संख्येचा अंदाज शक्य झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सचे ज्याँ पेरँ यांनी सूक्ष्मदर्शकातून पाण्यात तरंगणाऱ्या कणांचे निरीक्षण करून ती संख्या निश्चित केली आणि १९०९ मध्ये तिला ॲव्होगॅड्रो यांचे नाव द्यावे असे सुचविले. १९२६ मध्ये पेरँ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७१ मध्ये मोल हे आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीचे मूलभूत एकक झाले आणि २० मे २०१९ पासून त्याची संख्या कायमची ठरविण्यात आली : ६०२२१४०७६ या आकड्यापुढे आणखी पंधरा शून्ये. साडेतीन-चार चमचे पाण्यात इतके रेणू असतात.

आपल्यासाठी

ख्रिस्तसभेच्या कायद्याचा हा पंडित विज्ञानाकडे वळला, तेव्हा त्याने कायद्याच्या अभ्यासाची एक उत्तम सवय सोबत नेली असावी असे आम्हांस वाटते : दोन साक्षी परस्परविरोधी दिसल्या, तर एकीला खोटे ठरविण्यापूर्वी दोन्ही खऱ्या असू शकतील का, हे तपासून पाहणे. डाल्टन आणि गे-ल्यूसॅक यांच्या वादात त्यांनी नेमके हेच केले.

त्यांच्या जीवनातून आणखी एक गोष्ट मनात राहते. आपले म्हणणे मान्य झालेले पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. पद गेले, पुन्हा मिळाले, पण काम त्यांनी थांबविले नाही. आपल्यापैकी अनेकांचे कष्ट, मग ते घरातील असोत, शाळेतील असोत वा धर्मग्रामातील असोत, कोणाच्या नोंदीत येत नाहीत. तेवढ्याने ते निष्फळ ठरत नाहीत. तसेच कानिझ्झारो यांच्यासारखे, दुसऱ्याचे विसरलेले श्रेय त्याच्या नावासह जगापुढे ठेवणारे लोकही आपल्यात असले पाहिजेत. पुढच्या वेळी घरातील मुलगा किंवा मुलगी तो लांबलचक अंक पाठ करीत बसलेली दिसली, तर घटकाभर जवळ बसून त्यामागील माणसाची ही हकीकत अवश्य सांगावी.